पहिले वाक्य कोणाला ऐकवावे?

नवी कादंबरी छापखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच तिची आरंभीची चार वाक्ये आणि मधले दोनतीन चटकदार उतारे वाचकांपुढे ठेवण्याचा जो प्रघात अलीकडे पडला आहे, त्याविषयी आपल्याकडील बुजुर्ग वाङ्मयसेवकांच्या मनात बरीच तुच्छता आहे. आणि ती कादंबरी प्रेमकथा असली, त्यातही एखाद्या तहसिलीच्या गावात घडणारी असली, तर त्या तुच्छतेला उपहासाचीही फोडणी मिळते. पुस्तक म्हणजे काय भाजी आहे, की गिऱ्हाइकाने आधी शेंग मोडून पाहावी, असा त्यांचा सवाल असतो. मला हा प्रघात मुळातच गर्हणीय वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे: दाखवावयाचे ते दाखवले जात नाही, आणि ज्यांना आधी दाखवावयास हवे त्यांच्यापर्यंत ते बहुधा पोचतच नाही. हे म्हणणे मी पांढुर्णा आणि सौंसर ह्या दोन गावांच्या आधाराने मांडणार आहे, कारण प्रेमकथेचा तुकडा तेवढा जपून तिचा ग्रंथ हरवून बसल्याचे ह्याहून ठळक उदाहरण मराठी मुलखात मला दुसरे ठाऊक नाही.

प्रथम, कादंबरी तुकड्यातुकड्याने वाचकासमोर येण्यात नवे काहीच नाही. डिकन्सची 'पिकविक पेपर्स' १८३६-३७ साली मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध होत होती. आपल्याकडे रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' 'विविधज्ञानविस्तारा'तून वाचकांना भेटली; हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिति' १८८५ साली 'पुणेवैभवा'त सुरू झाली आणि १८९० साली निघालेल्या 'करमणुकी'तून 'पण लक्षात कोण घेतो' घरोघर गेली. म्हणजे मराठी कादंबरीचे बाळपण हप्त्यांतच गेले. मात्र हप्त्याला एक बंधन होते. आज नायिकेच्या डोळ्यांत पाणी आणले, तर पुढील अंकात ते का आले ह्याचा जबाब संपादकाला आणि लेखकाला द्यावा लागे, नाहीतर वर्गणीदार पत्र लिहून तो मागत. आजचा सुटा उतारा ह्या जबाबदारीतून पूर्णपणे मुक्त झाला आहे. तो भ्रमणध्वनीवरून या हातातून त्या हातात जातो, दोन हृदयचिन्हे मिळवतो आणि त्याच्या मागेपुढे काय होते हे कोणी विचारीत नाही.

सुट्या उताऱ्याने प्रेमकथेचे किती नुकसान होऊ शकते, ह्याचा एक खटलाच मराठीत होऊन गेला आहे. १९६२ सालच्या 'रंभा' ह्या मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा छापून आली. एका कवीची प्रेमप्रकरणे असा तिचा विषय. काकोडकरांचा वाचक मोठा, समीक्षकांच्या दरबारात मात्र त्यांना आसन नव्हते. एका गृहस्थांनी भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ खाली फिर्याद गुदरली, लेखकाबरोबर मुद्रक-प्रकाशकालाही आरोपी करण्यात आले, आणि मग जे अशा खटल्यांत नेहमी होते तेच झाले: कथेतील निवडक उतारे अधोरेखित होऊन कोर्टापुढे आले. खालच्या न्यायालयाने आरोपींस निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून त्यांना पंचवीस पंचवीस रुपये दंड केला. आणि १९६९ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. न्यायालयाने कथेच्या वाङ्मयीन गुणांची काही तारीफ केली नाही. त्याने एवढेच बजावले की निवाडा करताना कृती समग्र पाहिली पाहिजे आणि तीत आक्षेपार्ह म्हणून दाखवलेला भाग त्या समग्रतेत ठेवून तोलला पाहिजे; शिवाय, स्त्रीपुरुषसंबंधाचा नुसता उल्लेख हाच दोष धरला तर तरुणांना कोणतीच कादंबरी वाचता येणार नाही, केवळ धार्मिक पुस्तकांवर त्यांना गुजराण करावी लागेल, असाही अभिप्राय त्या निकालपत्रात आहे. हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या कामाचा म्हणून आपण बाजूला ठेवला. मला तो वाचनशास्त्रातील एक उत्तम पाठ वाटतो. गंमत अशी, की फिर्यादी ज्या दृष्टीने उतारा निवडतो, नेमक्या त्याच दृष्टीने आजचा जाहिरातदार तो निवडतो. एकाला पृष्ठावरची ठिणगी शिक्षेसाठी हवी असते, दुसऱ्याला विक्रीसाठी. एखाद्या कथेतली अंगठी कोणी दिली, ती गहाण का पडली होती, सोडवून आणायला पैसे कोठून आले, हे मधले पंधरा कागद दोघांनाही नकोसे असतात.

आता पांढुर्णा.

नागपूर-इटारसी लोहमार्गावरच्या ह्या गावाचे नाव पुण्यामुंबईच्या वाचकापुढे काढले की त्याला एकच गोष्ट आठवते, आणि ती म्हणजे दगड. श्रावणी अमावास्येला पोळा होतो; दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, नागपुरात मारबती निघतात, विदर्भभर पोरे लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात, आणि त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात; हीच ती गोटमार. नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर निशाण बांधलेले असते. सावरगावकरांनी ते राखावयाचे, पांढुर्णेकरांनी कुऱ्हाडीने तोडून आणावयाचे, आणि शेवटी ते चंडीमातेच्या देवळात अर्पण व्हावयाचे. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. आजवर कित्येकांचे प्राणही गेले आहेत. जमावबंदीचे हुकूम निघतात, पोलिसांचा बंदोबस्त लागतो, काठावर डॉक्टर आणि रुग्णवाहिका उभ्या राहतात. मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहण्याचाही प्रयोग झाला. चेंडू हरले.

ह्या सर्व प्रकाराच्या मुळाशी एक प्रेमकथा सांगतात. पांढुर्ण्याच्या तरुणाचे सावरगावच्या मुलीवर प्रेम होते. तो तिला घेऊन निघाला. नदीच्या मध्यावर असताना मुलीकडच्यांनी दगड मारावयास आरंभ केला, ते पाहून मुलाकडच्यांनी उलट दगड उचलले, आणि दोन्हीकडच्या माऱ्यात ती दोघे पाण्यातच संपली. मग उभय गावांना पश्चात्ताप होऊन त्यांनी ती प्रेते चंडीच्या पायाशी नेली. भोसल्यांच्या फौजेच्या दगडफेकीच्या सरावातून ही प्रथा निघाली, असे सांगणारेही आहेत. आख्यायिकेच्या सत्यासत्यतेत मला शिरावयाचे नाही. माझे लक्ष तिच्या घडणीकडे आहे. शेकडो वर्षे सांगितल्या जाणाऱ्या ह्या कथेत नायकाला नाव नाही आणि नायिकेलाही नाही. त्यांची पहिली भेट कोठे झाली, बाजारात की देवळात. कोण आधी बोलले. तिने घर सोडताना काय बरोबर घेतले. पळून जावयाचा बेत दोघांपैकी कोणाचा, ह्याचा अक्षरभरही उल्लेख नाही. एका संपूर्ण कादंबरीतील शेवटचे पान तेवढे फाडून ठेवावे आणि दरसाल त्याचेच जाहीर वाचन करावे, असा हा प्रकार आहे. आणि त्या पानावर प्रेम नाहीच, फक्त त्याची शिक्षा आहे.

कोणी म्हणेल, लोककथेकडून कादंबरीच्या तपशिलाची अपेक्षा धरणे हा अन्याय होय. मान्य. लोककथेने आपले काम केले आहे. कादंबरीने आपले करावयाचे राहिले आहे काय, एवढाच प्रश्न आहे. शिक्षेचे दरसाल स्मरण करणाऱ्या गावात प्रेमाच्या पहिल्या पानाचे वाचन होणे ही मला केवळ वाङ्मयीन बाब वाटत नाही.

ह्या मुलखाची स्थिती तरी मोठी चमत्कारिक आहे. १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्हा आपल्या मराठीभाषी सौंसर-पांढुर्ण्यासह मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. घरात मराठी, कचेरीत हिंदी, रुग्णालयासाठी आणि लग्नाच्या बस्त्यासाठी नागपूर, फेरफाराच्या कागदासाठी तहसील, असे हे जीवन. पोळा, संत्री आणि कपाशी हे सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस सारखेच. परंतु महाराष्ट्रातील प्रकाशकाच्या नकाशात ही गावे बहुधा येत नाहीत, आणि भोपाळच्या नकाशात ती अगदी खालच्या काठावर, समासाला लागून येतात. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलामुलींना प्रेमाची भाषा चित्रपटाकडून उसनी घ्यावी लागते, तीही बहुधा दुसऱ्या गावची आणि दुसऱ्या बोलीतली.

मराठी प्रेमकथेने लहान गाव पाहिलेच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. ना. सी. फडक्यांनी १९३१ च्या 'प्रतिभासाधना'त लेखनतंत्राचा ऊहापोह केला आणि त्यांच्या कादंबऱ्यांनी एका पिढीला प्रणयाची चटक लावली. पण त्यांचा प्रणय बहुधा सुखवस्तू, सुशिक्षित घरांतला. अमरावतीस जन्मलेल्या विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) ही मराठीतील एक श्रेष्ठ प्रेमकथा, आणि ती घडते बोटीवर, समुद्रात, जेथे गल्ली नाही आणि शेजारीणही नाही. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'ने (२००४) मात्र नववीतल्या पोराच्या मनातले प्रेम आणीबाणीच्या काळातल्या एका लहान गावात ठेवले, आणि शाळेची वाट, वर्गातील बाक आणि घरातील बोलणी ह्यांच्या आधारानेच ते उभे केले. त्या पुस्तकाचा उतारा कोठूनही काढावा, त्याबरोबर गाव निघून येतेच. माझा निकष हाच. ज्या उताऱ्यातून गाव गळून पडले तरी त्याचे काही बिघडत नाही, तो उतारा छोट्या गावाच्या प्रेमकथेचा नव्हे. तो कोणत्याही प्रेमकथेचा आहे.

निकष सांगून मोकळे होणे सोपे असते, म्हणून उदाहरणादाखल मी एक आरंभ स्वतः रचून पाहतो. मी कादंबरीकार नाही. वाचकांनी तो नमुना म्हणूनच घ्यावा.

"छिंदवाड्याची गाडी सुटून गेली तरी ती बाकावरून उठली नाही, तेव्हा चहावाल्याने किटली खाली ठेवून विचारले, 'गेली न वो बाई तुमची गाडी?' 'जाऊ द्या,' ती म्हणाली, 'दुसरी येईनच.' दुसरी संध्याकाळी होती, आणि सौंसरच्या फलाटावर संध्याकाळपर्यंत बसलेली मुलगी म्हणजे काय, हे चहावाल्याला आणि तिलाही पुरते ठाऊक होते."

आणि हा मधला एक तुकडा. जागा संत्र्याच्या बागेतली, तोड चालू, तो फळे मोजून कॅरेट भरतो आहे आणि ती वहीत आकडे मांडते आहे:

"'किती झाले?' 'मोजून राह्यलो.' 'सकाळपासून मोजूनच राह्यले तुम्ही.' 'तुम्ही लिहून राह्यल्या म्हणून मोजून राह्यलो.' तिने वहीवरून मान वर केली नाही. त्या पानावर पुढचे तीन आकडे चुकले, आणि व्यापाऱ्याच्या मुनिमाने ते दुसऱ्या दिवशी पकडले."

ह्यात पाऊस नाही, डोळ्यांचे वर्णन नाही, स्पर्शही नाही. परंतु चुकलेले तीन आकडे मुनिमाने पकडले, म्हणजे आता ही गोष्ट हिशेबात आली. उद्या तिच्या बापाच्या कानावर जाईल. लहान गावात प्रेमाला गुप्ततेचा अवधी फार थोडा असतो, आणि खरे नाट्य तेथेच असते. मोठ्या शहरातील नायक-नायिकांना भेटावयाला जागा मिळत नाही. येथे जागा भरपूर, नदी आहे, बागा आहेत, जामसावळीच्या हनुमंताची शनिवारची गर्दी आहे, परंतु अपरिचित माणूस एकही नाही. 'तुम्ही' म्हणून एकमेकांना संबोधणारी ती दोघे 'तू'वर केव्हा येतात, हे लिहावयास एका चांगल्या लेखकाला दोनशे पाने लागतील, आणि ती दोनशे पाने वाचकाला थोडी वाटतील. जाहिरातीसाठी उतारा निवडणारा मनुष्य नेमका तो 'तू'चा क्षण उचलतो आणि दोनशे पानांची कमाई एका ओळीत उधळून टाकतो.

लहान गावच्या प्रेमकथेची पहिली ओळ जाहीर करण्याचे काम सरकारही करते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करू इच्छिणाऱ्या दोघांना आधी विवाह-अधिकाऱ्याकडे लेखी सूचना द्यावी लागते. तीत नावे, वय, व्यवसाय, राहण्याचा पत्ता सारे असते. तिची प्रत कचेरीत सर्वांना दिसेल अशा जागी डकवली जाते, आणि तीस दिवसांत कोणाला हरकत घ्यावयाची असल्यास त्याला मुभा असते. मुंबईसारख्या शहरात त्या कागदाकडे कोणी फिरकतही नाही. जेथे कचेरीत येणारा प्रत्येक दुसरा माणूस मुलीच्या काकाला ओळखतो, तेथे त्या कागदाचा अर्थ निराळा होतो. हाही उताराच, नाव, वय, पत्ता आणि त्यापलीकडे काही नाही. दोन माणसांची गोष्ट त्यांच्या संमतीवाचून, त्यांना सोयीची नसलेली एकच ओळ काढून फलकावर लावावयाची, आणि मग गावाने पुढची पाने आपल्या मनाने भरावयाची. जामच्या काठावरील आख्यायिकेपासून हे फार दूर आहे असे मला वाटत नाही. ह्या तरतुदीत बदल व्हावा असे माझे स्पष्ट मत आहे. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

तेव्हा जे कोणी ह्या मुलखावर प्रेमकथा लिहीत असतील, किंवा लिहावी असा ज्यांचा मनोदय असेल, त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. आरंभ जरूर दाखवा. सलग दाखवा, पहिले प्रकरण असेल तसे, त्यातील नीरस वाटणाऱ्या बाजारहाटासह आणि लग्नघरातील देण्याघेण्याच्या वाटाघाटींसह. मधला तुकडा द्यावयाचा तर ज्यात माणसे काम करीत आहेत असा द्या. बोली पुसून टाकू नका. संपादकाने 'मोजून राह्यलो'चे 'मोजतो आहे' केले तर त्याच्याशी भांडा, कारण त्या दुरुस्तीबरोबर तो मुलगा सौंसरचा राहत नाही. आणि नायिकेला नाव पहिल्याच पानावर द्या. ज्या गावाने आपल्या सर्वांत जुन्या नायिकेला नाव दिले नाही, त्या गावात एवढे तरी व्हावयास हवे.

प्रकाशकांचे म्हणणे असे पडते की सरहद्दीपलीकडे मराठी पुस्तकाला गिऱ्हाईक नाही. त्यांनी तेथे पुस्तके नेऊन पाहिली आहेत काय, हे मला त्यांना विचारावयाचे आहे. नागपूर तेथून दूर नाही, आणि पांढुर्ण्याच्या स्थानकावर गाड्या थांबतात.

भोपाळला राज्य शासनाची मराठी साहित्य अकादमी आहे, आणि १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाचे कार्यालय नागपुरात आहे. दोन्ही संस्थांनी मिळून वर्षातून एकदा, सरहद्दीच्या मुलखावर लिहिलेल्या एका नव्या कादंबरीचे पहिले प्रकरण त्या मुलखातच जाहीरपणे वाचून दाखवण्याची व्यवस्था करावी, अशी माझी विनंती आहे. दिवस मी सुचवतो. गोटमारीनंतर तीनचार दिवसांनी गणपती बसतात. त्या दहा दिवसांतील एक संध्याकाळ पांढुर्ण्याच्या मांडवात, एक सावरगावच्या आणि एक सौंसरच्या मांडवात ठेवावी. वाचणारी शक्यतो त्याच गावची मुलगी असावी आणि लेखकाने समोर बसून ऐकावे. फारसा खर्च नाही. सतरंज्या आणि ध्वनिक्षेपक मांडवात आधीच असतात.